स्थानमाहात्म्य आणि आभासी शिकार



२०१६ सालच्या जुलै महिन्यात जगातील अनेक शहरांत एक विलक्षण दृश्य दिसू लागले. बागांत, चौकांत, स्मारकांच्या पायऱ्यांवर आणि चर्चच्या आवारात तरुण-तरुणींचे जथे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नजर खिळवून फिरत होते. मध्येच एखादा थबके, पडद्यावर बोट फिरवी आणि आनंदाने ओरडे. भोवतालच्या लोकांना कळेना की याला सापडले तरी काय. कारण समोर प्रत्यक्षात काहीच नसे. जे सापडले होते ते केवळ पडद्यावर होते. 'पोकेमॉन गो' या खेळाने जगाला लावलेले हे वेड होते. ६ जुलै २०१६ रोजी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत हा खेळ उपलब्ध झाला आणि सप्टेंबरपर्यंत तो जगभरात पन्नास कोटी वेळा भ्रमणध्वनींवर उतरवून घेतला गेला.

अशी वेडे येतात आणि ओसरतात. मग इतक्या वर्षांनी या खेळाचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रयोजन आहे ते त्या खेळाला निरनिराळ्या समाजांनी दिलेल्या प्रतिसादाचे. आपल्या जागेवर, आपल्याला न विचारता, कोणी परक्याने आपली खूण उमटवली तर समाजाने काय करावे, हा प्रश्न या खेळाने हिरोशिमापासून अहमदाबादपर्यंत सर्वांना एकाच वेळी विचारला. प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीप्रमाणे उत्तर दिले. कोणी बंदी घातली, कोणी बाजार मांडला, कोणी न्यायालयात गेले, तर कोणी शांतपणे मर्यादा आखून दिली. त्या उत्तरांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

खेळाची घडण

पोकेमॉनचा जन्म जपानमधला. सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा छंद होता. टोकियोच्या परिसरातील शेते आणि तळी शहर गिळत गेले तसे किडेही दिसेनासे झाले. आपल्याला लाभलेला तो आनंद पुढच्या मुलांना निदान खेळातून मिळावा, या भावनेतून त्यांनी १९९६ साली हा खेळ आणला. हातात मावेल अशा छोट्या यंत्रावर खेळावयाचा हा खेळ होता. त्यात काल्पनिक प्राणी शोधायचे, पकडायचे आणि जमवायचे. पुढे त्यावर चित्रमालिका निघाली. २००३ साली ती भारतातही दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. त्या मालिकेवर वाढलेली मुले २०१६ साली विशी-पंचविशीत होती, हे लक्षात घेतले की त्या वेडाचे अर्धे कोडे उलगडते.

उरलेले अर्धे कोडे नकाशाचे आहे. 'पोकेमॉन गो' बनवणाऱ्या नायान्टिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॉन हँके हे मूळचे नकाशाच्या धंद्यातले. त्यांची कीहोल ही कंपनी गूगलने २००४ साली विकत घेतली आणि तिच्यातून पुढे 'गूगल अर्थ' साकारले. नायान्टिकदेखील गूगलच्याच पोटात जन्मली आणि २०१५ साली स्वतंत्र झाली. या कंपनीने २०१२ साली 'इन्ग्रेस' नावाचा एक खेळ आणला होता. त्यात खेळाडूंनी खऱ्याखुऱ्या जागी जायचे आणि त्या जागा आपल्या पक्षाच्या ताब्यात घ्यायच्या, अशी कल्पना होती. त्यासाठी जागा हव्या होत्या. काही जागा ऐतिहासिक स्थळांच्या तयार सूचींतून मिळाल्या आणि लक्षावधी जागा स्वतः खेळाडूंनीच छायाचित्रांसह सुचवल्या. पुतळा, कारंजे, देऊळ, चर्च, ग्रंथालय, भिंतीवरचे चित्र, जे काही ओळखण्याजोगे असेल ते सुचवावे आणि कंपनीने तपासून त्याची नोंद करावी, अशी ती पद्धत होती.

हीच नोंदवही पुढे 'पोकेमॉन गो'ला मिळाली. उपग्रहाच्या साहाय्याने खेळाडू कोठे उभा आहे हे भ्रमणध्वनीला कळते. पडद्यावर त्याच्या भोवतालच्या खऱ्या रस्त्यांचा नकाशा उमटतो आणि त्या नकाशावर हे प्राणी अवतरतात. नोंदवलेल्या काही जागा 'पोकेस्टॉप' होतात, म्हणजे खेळाचे थांबे. तेथे गेल्यावर प्राणी पकडण्याचे चेंडू आणि अंडी मिळतात. अंडे उबवायचे तर काही किलोमीटर पायी चालावे लागते. काही जागा 'जिम' होतात, म्हणजे झुंजीचे आखाडे. थोडक्यात सांगायचे तर या खेळाचे पटांगण म्हणजे आपले गाव, आपली गल्ली आणि आपल्या देवळाचे आवार. त्या पटांगणाच्या धन्याला मात्र कोणी विचारले नव्हते.

स्मृतिस्थळांची विनंती

पहिली तीव्र प्रतिक्रिया आली ती स्मृतिस्थळांकडून. वॉशिंग्टनमध्ये ज्यूंच्या नरसंहाराचे संग्रहालय आहे. तेथे लोक आपल्या मारल्या गेलेल्या आप्तांची नावे वाचायला येतात. त्याच दालनांत काहीजण आभासी प्राणी पकडत फिरू लागले. संग्रहालयाने जाहीर विनंती केली की, येथे हा खेळ खेळू नका. अमेरिकी सैनिक जेथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या आर्लिंग्टनच्या दफनभूमीनेही हेच सांगितले. पोलंडमधील ऑश्विट्झ येथील स्मारकाने तर आपले स्थळच खेळातून वगळावे, अशी मागणी कंपनीकडे केली. कंबोडियातील तुओल स्लेंग ही एकेकाळची शाळा. ख्मेर रूज राजवटीत तिचे छळछावणीत रूपांतर झाले आणि आज तेथे त्या क्रौर्याचे संग्रहालय आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये कंबोडियात खेळ सुरू होताच तेथेही खेळाडू पोहोचले आणि संग्रहालयाला त्यांना बाहेर काढावे लागले.

या सर्वांत हिरोशिमाचे उदाहरण विशेष मननीय आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहरावर अणुबॉम्ब पडला. दरवर्षी त्या दिवशी तेथील शांती उद्यानात मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. २०१६ साली त्या उद्यानात खेळाचे अनेक थांबे आणि आखाडे असल्याचे नगर प्रशासनाच्या ध्यानात आले. प्रशासनाने कंपनीला कळवले की, ६ ऑगस्टपूर्वी ते येथून हटवावेत. कंपनीने विनंती मान्य केली आणि थांबे हटवले. येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पोकेमॉन हे जपानचेच अपत्य. जपानी माणसाला त्याचे कौतुक इतरांपेक्षा अधिकच. तरीही, आपलेच आहे म्हणून कोठेही चालेल, असे हिरोशिमाच्या लोकांनी म्हटले नाही. त्यांनी देशभर बंदी मागितली नाही आणि खेळणाऱ्यांना राष्ट्रद्रोहीही ठरवले नाही. अमुक जागा, अमुक तारखेपूर्वी, एवढेच नेमके सांगितले. मागणी नेमकी होती म्हणून तिला नकार देणे कंपनीला अवघड झाले.

देवस्थानांचे तीन मार्ग

उपासनास्थळांचा प्रतिसाद मात्र एकसारखा नव्हता. त्यात ढोबळमानाने तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग निषेधाचा आणि दंडाचा. सौदी अरेबियात २००१ सालीच पोकेमॉनविरुद्ध फतवा निघाला होता. जुलै २०१६ मध्ये तो तेथील धर्मपंडितांच्या संकेतस्थळावर पुन्हा झळकला. नवा फतवा काढलेला नाही, असा खुलासा नंतर सरकारी पातळीवरून झाला. इराणने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव खेळावर सरसकट बंदी घातली. रशियातील येकातेरिनबुर्ग येथे ज्या जागी १९१८ साली अखेरच्या झारचे कुटुंब मारले गेले, तेथे आज चर्च उभे आहे. एका तरुणाने त्या चर्चमध्ये हा खेळ खेळून त्याचे चित्रण मुद्दाम प्रसिद्ध केले. धार्मिक भावना दुखावल्याच्या आणि द्वेष पसरवल्याच्या आरोपांखाली मे २०१७ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची स्थगित शिक्षा सुनावण्यात आली. त्याने केले ते औचित्याला सोडून होते, यात शंका नाही. पण परिणाम काय झाला? चार मित्रांनी पाहून विसरले असते ते चित्रण जगाने पाहिले आणि चर्चच्या शांततेचा प्रश्न बाजूला राहून साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू तो तरुणच झाला.

दुसरा मार्ग स्वागताचा. इंग्लंडमधील अनेक जुनी चर्च खेळाचे थांबे झाली होती. रविवारीही जेथे तरुण फिरकत नाहीत, तेथे आता ते आपण होऊन दाराशी येत आहेत, हे पाहून चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या चर्चना सल्ला दिला की, दार उघडा, फलक लावा, पाणी द्या, बोला. या युक्तीत व्यवहारचातुर्य होते. परंतु खेळासाठी आलेला माणूस खेळ संपल्यावर टिकतो का, हा प्रश्न उरतोच. पाहुणा दाराशी कशासाठी आला आहे याचा विसर यजमानाला पडून चालत नाही.

तिसरा मार्ग मर्यादेचा. जपानमधील इझुमो येथील प्राचीन शिंतो देवस्थानाने आपल्या आवारात खेळाला मनाई केली. बाहेरच्या रस्त्यावर कोण काय खेळतो, याच्याशी देवस्थानाने आपला संबंध जोडला नाही. हा मार्ग भारतीय मनाला परका वाटू नये. आपण देवळात जाताना पादत्राणे बाहेर काढतो. पादत्राणे वाईट असतात म्हणून ती बाहेर ठेवत नाही. ती रस्त्याची वस्तू आहे, गाभाऱ्याची नव्हे, एवढाच त्यामागचा विवेक आहे. दर्शन झाले की तीच पादत्राणे घालून आपण घरी जातो.

वस्ती, रस्ता आणि कायदा

श्रोतेहो, पावित्र्याचा प्रश्न केवळ देवळापुरता नसतो. माणसाच्या झोपेचे आणि जिवाचेही काही पावित्र्य असते. सिडनीतील ऱ्होड्स या उपनगरात उंच इमारतींच्या मधोमध एक छोटे उद्यान आहे. त्या उद्यानात खेळाचे तीन थांबे जवळजवळ आले. परिणामी मध्यरात्रीपर्यंत शेकडोंची गर्दी, गाड्यांची कोंडी, कचरा आणि गोंगाट. संतापलेल्या रहिवाशांनी वरून पाण्याचे फुगे फेकले. अखेर तेथील नगर परिषदेने कंपनीशी बोलून ते थांबे काढवले. बोस्निया-हर्झगोव्हिनात तर धोका प्राणाशी होता. १९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले भूसुरुंग तेथे अजूनही जमिनीत आहेत. प्राण्यांच्या मागे धावताना सुरुंगाच्या खुणांकडे दुर्लक्ष करू नका, असे तेथील सुरुंगनिर्मूलन करणाऱ्या संस्थेला सांगावे लागले.

जपान सरकारच्या सायबर सुरक्षा केंद्राने तर खेळ देशात येण्यापूर्वीच नऊ सूचनांचे पत्रक काढले होते. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये ऐची प्रांतातील इचिनोमिया येथे, खेळात गुंतलेल्या ट्रकचालकाच्या गाडीखाली शाळेतून परतणारा नऊ वर्षांचा मुलगा मरण पावला. वेगाने जाणाऱ्या वाहनात खेळाचे थांबे चालू नयेत, असा बदल त्यानंतरच्या महिन्यात कंपनीने केला. ही सुधारणा आधी सुचली असती तर, हा विचार कोणाही पालकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

अमेरिकेत हा वाद न्यायालयात गेला. लोकांच्या घरांलगत थांबे नेमल्याने अनोळखी माणसे अंगणात शिरू लागली होती. घरमालकांनी एकत्र येऊन दावा लावला आणि २०१९ साली तडजोड झाली. एकल कुटुंबाच्या घरापासून ४० मीटरच्या आतील थांबा मालकाने मागणी केल्यास काढावा, तक्रारींचा निपटारा पंधरा दिवसांत व्हावा, अशा अटी कंपनीने मान्य केल्या. याउलट मिलवॉकी परगण्याने २०१७ साली असा नियम केला की, सार्वजनिक उद्यानात असे खेळ ठेवायचे असतील तर कंपन्यांनी आधी परवाना घ्यावा. दुसऱ्याच एका खेळाच्या निर्मात्यांनी त्याला आव्हान दिले आणि संघीय न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे त्या नियमाची अंमलबजावणी थांबवली. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली की बोध स्पष्ट होतो. ज्याने नेमके नुकसान आणि नेमके अंतर मांडले, त्याला दाद मिळाली. ज्याने सरसकट परवान्याची भिंत उभारली, त्याची भिंत टिकली नाही.

दुसरी बाजू

न्यायाने बोलायचे तर या खेळाच्या पारड्यातही काही घालायला हवे. घरात कोंडलेली मुले बाहेर पडली, चालू लागली, अनोळखी लोकांशी बोलू लागली, हे खरेच होते. मात्र ते किती टिकले, याचेही मोजमाप झाले आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील तरुण खेळाडूंची पावले त्यात मोजली होती. पहिल्या आठवड्यात ती दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली. पुढे घटत गेली आणि सहाव्या आठवड्यात पूर्वपदावर आली. व्यायामाची सवय अशी उसन्या उत्साहावर टिकत नाही, हे आपल्या आखाड्यांतील वस्तादांना कोणत्याही अभ्यासाविना ठाऊक असते.

जपानमधील काही प्रांतांनी मात्र या लाटेचा सुज्ञपणे उपयोग करून घेतला. तोत्तोरी हा समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेला प्रांत. तेथे ना वाहने, ना गर्दीचे रस्ते. प्रांताच्या प्रशासनाने जाहीर आमंत्रण दिले की, खेळायचे तर येथे या, येथे मोकळेपणाने खेळा. २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या प्रांतांनी व भूकंपग्रस्त कुमामोतोने कंपनीशी सहकार्य केले, जेणेकरून पर्यटक पुन्हा त्या भागाकडे वळावेत. म्हणजे हिरोशिमात 'येथे नको' म्हणणारा आणि तोत्तोरीत 'येथे या' म्हणणारा समाज एकच होता. कोणत्या जागी काय शोभते, याचे भान असलेला समाज दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणू शकतो. नकार देण्याचा अधिकारही अशाच समाजाला शोभतो.

भारतात काय झाले?

भारतात हा खेळ अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला. पण लाट त्याआधीच येऊन थडकली होती. अनेक तरुणांनी जुलैमध्येच आडवाटेने तो मिळवला होता आणि मुंबईसारख्या शहरांत खेळाडू पावसात हिंडत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली. खेळातील अंडी हिंदू आणि जैन मंदिरांच्या जागी मिळतात; जेथे मांसाहार निषिद्ध आहे, तेथे अंडी दाखवणे हा श्रद्धेचा अवमान आहे, असे त्यात म्हटले होते. नागरिकांच्या सुरक्षिततेचे आणि खासगीपणाचे मुद्देही त्यात होते. न्यायालयाने सरकारला आणि कंपनीला नोटिसा काढल्या.

त्या वेळी अनेकांनी या याचिकेची थट्टा केली. आभासी अंड्याने कोणाचा धर्म बुडतो, असे विचारले गेले. हा उपहास उथळ होता. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने वा आर्लिंग्टनच्या दफनभूमीने विनंती केली, तेव्हा आभासी प्राण्याने कोणाचे दुःख मोठे होते, असे विचारायला हीच मंडळी धजावली नाहीत. स्मृतीच्या जागेला मर्यादा असते, हे ज्याला मान्य आहे, त्याने श्रद्धेच्या जागेलाही ती मान्य केली पाहिजे.

परंतु उपहास चुकीचा होता म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. संपूर्ण खेळ न्यायालयाच्या दारी नेण्यापेक्षा, प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांनी आपल्या आवारात काय आहे हे पाहून, 'आमच्या या या जागा वगळा' असे पत्र कंपनीला धाडणे अधिक परिणामकारक ठरले असते. हिरोशिमाचा अनुभव हेच सांगतो. त्यासाठी विश्वस्तांना आपल्या देवळाची नोंद कोणत्या नकाशावर कोणी केली आहे, हे ठाऊक असायला हवे होते. आपल्याकडील किती देवस्थानांना ते ठाऊक होते?

आणखी एक गोष्ट. डिसेंबरमध्ये खेळ अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओच्या सहकार्याने. त्या समूहाची दुकाने खेळाचे थांबे आणि आखाडे झाली. जपानमध्ये मॅक्डोनाल्डची सुमारे तीन हजार उपाहारगृहे अशीच खेळात सामील झाली होती. जी जागा पुतळ्याला, देवळाला आणि कारंज्याला दिली होती, तीच आता दुकानाला मिळू लागली. नकाशावर देऊळ आणि दुकान यांची खूण एकसारखीच दिसते. भेद करायचा तो मनाने.

मालकी बदलली, नोंद राहिली

पहिल्या वर्षीचा तो गदारोळ शमला, तरी खेळ संपलेला नाही. २०२३ मध्ये तो हिंदीतही आला. मात्र खरा बदल पडद्यामागे झाला. मार्च २०२५ मध्ये नायान्टिकने आपला खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीला साडेतीन अब्ज डॉलर्सना विकण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो व्यवहार पूर्ण झाला. स्कोपली ही सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीच्या समूहातील कंपनी आहे. ज्या देशात पोकेमॉनविरुद्ध फतवा निघाला होता, त्याच देशाच्या निधीकडे या खेळाची सूत्रे गेली. काळाचा महिमा, दुसरे काय!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायान्टिकने जाहीर केले की, ती जगाच्या भूगोलाचे एक विशाल कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप घडवत आहे. खेळाडूंनी स्वेच्छेने ठिकठिकाणच्या जागांचे जे चित्रण करून पाठवले होते, त्यावर ते उभे आहे. नुसते चालत खेळल्याने ही माहिती जात नाही, चित्रण करणे ऐच्छिक असते, असा खुलासाही कंपनीने केला. खेळ विकल्यानंतर हे काम नायान्टिक स्पेशल या वेगळ्या कंपनीकडे राहिले. म्हणजे मूल खेळत होते आणि नकाशा तयार होत होता. मूर्ती, कमान, पार, चौथरा यांचे चहूबाजूंनी चित्र कोणाकडे तरी जमा झाले. २०१६ साली समाजाने विचारले होते, 'आमच्या जागेवर तुमचा प्राणी का?' आता विचारायचा प्रश्न याहून मोठा आहे: आमच्या जागेची नोंद कोणाच्या वहीत, आणि ती वही कोणाच्या तिजोरीत?

आपल्यापुढील काम

या प्रश्नाचे उत्तर केवळ तक्रारीत नाही. जागेची नोंद ठेवणे ही या मातीची जुनी विद्या आहे. मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळात महानुभाव पंथाने 'स्थानपोथी' रचली. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, ज्या ज्या देवळात थांबले, त्या स्थानांची तीत दिशांसह नोंद आहे. गावोगावी सांगितली जाणारी क्षेत्रमाहात्म्येही हेच काम करीत आली. येथे कोण आले, काय घडले, येथे कसे वागावे, हे त्यांनी लोकांना सांगितले. जागेला अर्थ असतो आणि तो अर्थ सांगणारे कोणीतरी असावे लागते. सांगणारे गप्प बसले की दुसरा कोणी येऊन आपला अर्थ त्या जागेवर चिकटवतो.

आज गावाच्या वेशीवरचे वीरगळ, झाडाखालचा सतीचा दगड, गाळाने भरलेली बारव यांची नोंद किती ग्रामपंचायतींकडे आहे? खेळाच्या नकाशावर शहरांत थांब्यांची दाटी होती आणि खेड्यांत शुकशुकाट होता. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत थांबे विरळ असल्याचे पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी दाखवून दिले. कारण नोंद करणारे तेथे पोहोचलेच नव्हते. जेथे नोंद करणारा नाही, तेथे जागा असूनही दिसत नाही, हा या खेळाने शिकवलेला कठोर धडा आहे. तो खेड्यांतून राहणाऱ्या समाजाला अधिक लागू पडतो.

म्हणून तीन कामे तातडीची आहेत. पहिले, प्रत्येक देवस्थानाने, स्मारक समितीने आणि ग्रामपंचायतीने आपल्या जागांची स्वतःची नोंद करावी. छायाचित्र, इतिहास, आख्यायिका आणि तेथे पाळावयाची मर्यादा, असे सर्व त्यात असावे. दुसरे, मर्यादा घालायची ती नेमकी आणि सौजन्याने घालावी. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंदिरांची शुचिता राखण्यासाठी तामिळनाडूतील मंदिरांत भ्रमणध्वनी नेण्यास मनाई करण्याचे आदेश दिले. जुलै २०२३ मध्ये केदारनाथच्या मंदिरातही भ्रमणध्वनी नेण्यास बंदी झाली. दोन्हीकडे यंत्राचा तिरस्कार नाही; ते दाराबाहेर ठेवायचे आहे, पादत्राणांसारखे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम घरातले आहे. मुलाच्या हातातून यंत्र हिसकावून घेण्याने काहीच साधत नाही. त्याला बाहेर पडावेसे वाटते, शोधावेसे वाटते, जमवावेसे वाटते. ही ओढ निरोगी आहे. ताजिरींनी किडे जमवले, आपल्या पिढ्यांनी गडावर दगडधोंडे आणि ओढ्याकाठी शंख-शिंपले जमवले. त्या ओढीला खरे पटांगण देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

एखाद्या रविवारी मुलाला घेऊन गावातल्या जुन्या बारवेपाशी जावे. ती कोणी बांधली, पाणी कसे झिरपून येई, पायऱ्या किती आहेत, हे त्याला शोधू द्यावे. हवे तर त्याच्याच भ्रमणध्वनीवर त्याला छायाचित्र काढू द्यावे आणि घरी येऊन वहीत दोन ओळी लिहायला सांगाव्यात. ज्या मुलाने आपल्या जागेची नोंद स्वतःच्या हाताने केली आहे, त्याला ती जागा कोणाच्या खेळात कशी वापरू द्यायची, हे उद्या समजावून सांगावे लागणार नाही.

नवे खेळ येत राहणार, त्यांची यंत्रे आणखी चतुर होणार आणि आभासाचा थर आणखी दाट होणार. त्या थराखालची जागा आपल्या ओळखीची राहावी, एवढे काम आपल्या हाती आहे. ते आपल्या गावापासून आणि आजपासूनच सुरू व्हावे, एवढीच अपेक्षा.